मोटारीतली संकटकाळची शिदोरी

पेणहून रोह्याला मोटारीने जायचे तर वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंड असा रस्ता धरावा लागतो. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पण एवढ्याशा वाटेत किती तऱ्हेची जमीन लागते पाहा! वडखळच्या आसपास धरमतर खाडीच्या काठची खाजणे, म्हणजे पायाखाली मऊ चिखल. नागोठण्याला अंबा नदी. खिंडीत डोंगराची कापलेली बाजू आणि आंधळी वळणे. रोह्याला पोहोचलात की कुंडलिका नदी. कोरड्या दिवसांत यातले काहीच जाणवत नाही. जुलै महिन्यात मात्र प्रत्येक टप्पा आपापल्या परीने प्रवाशाची परीक्षा घेतो.

रायगड जिल्ह्याला हे नवे नाही. जुलै १९८९ मध्ये याच अंबा नदीला आलेल्या पुराने सुधागड तालुक्यातले जांभुळपाडा उद्ध्वस्त झाले. २६ जुलै २००५ च्या पावसाने महाड तालुक्यात दरडी कोसळून गावे गाडली गेली. त्याच दिवशी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बुडालेल्या मोटारींत अडकून माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या गेल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा झाडे आडवी पडून रस्ते बंद झाले, वीज गेली, मोबाइलचे मनोरेही मुके झाले.

सावित्रीच्या पुलावर जे घडले त्यावर गाडीत ठेवलेल्या कोणत्याही वस्तूचा इलाज चालला नसता, हे आधीच सांगून टाकतो. पण बाकीच्या पुष्कळ प्रसंगांत एखादी विजेरी, एखादी लहानशी हातोडी, एक दोरी, दोन बाटल्या पाणी यांनी फार मोठा फरक पडतो. म्हणून जाणती माणसे अशी शिदोरी गाडीत ठेवतात. काय ठेवायचे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. कुठे ठेवायचे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आणि खरे पदार्थविज्ञान आहे ते या ‘कुठे’मध्ये!

अडचण अशी आहे. गाडी रेल्वे स्टेशनाबाहेर किंवा बाजारात दिवसभर उभी असते. आत पिशवी दिसली की कुणाला तरी काच फोडण्याचा मोह होतो. पिशवीत दोन पट्ट्या आणि आयोडीनची बाटली आहे हे त्याला कुठे ठाऊक? तेव्हा वस्तू बाहेरून दिसता कामा नयेत. उलट, वेळ आली की त्या काळोखात, घाबरलेल्या हातालासुद्धा क्षणात सापडल्या पाहिजेत. डोळ्याला दिसू नये आणि हाताला लागावे, अशा या दोन परस्परविरोधी मागण्या आहेत.

प्रथम डोळ्याचे पाहू. ‘काचांना काळा कागद लावला की झाले’ असे कोणी म्हणेल. तसे करता येत नाही. गाडीच्या काचांवर काळ्या फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली आहे. आणि त्याची गरजही नाही, कारण निसर्गाने हे काम निम्मे-अधिक करूनच ठेवले आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे एकूण सुमारे ८ टक्के. गाडीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत आकाशाचा हा ८ टक्के प्रकाश सतत येत असतो. आता आत एक पांढरी पिशवी आहे, असे समजा. प्रकाश काचेतून आत जाताना ७० टक्के उरतो. पिशवीवरून त्यातला ८० टक्के परत फिरतो आणि बाहेर येताना पुन्हा ७० टक्केच उरतो. गुणाकार करा: ०.७ × ०.८ × ०.७ म्हणजे सुमारे ०.३९. ३९ टक्क्यांपुढे ८ टक्क्यांचे काय चालणार? पिशवी लख्ख दिसते. त्याच पिशवीवर काळे सुती फडके टाका. ते जेमतेम ५ टक्के प्रकाश परत पाठवते. ०.७ × ०.०५ × ०.७ म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. काचेवरच्या ८ टक्क्यांच्या झगमगाटात हे अडीच टक्के बुडून जातात. शिवाय सीटच्या पुढे पाय ठेवतो त्या खळग्यात मुळातच कमी उजेड पोहोचतो, तेव्हा तिथले काळे फडके जवळजवळ अदृश्यच म्हणायचे.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. बुटांच्या खोक्याला तळाशी एका बाजूला पांढरा आणि दुसऱ्या बाजूला काळा कागद चिकटवा, वर फोटोच्या चौकटीची काच ठेवा आणि खोके उघड्या आकाशाखाली न्या. काचेत आकाशाचे प्रतिबिंब पडेल अशा बाजूने वाका. पांढरा कागद दिसत राहील, काळा हरवेल. मग काचेला दोन्ही हातांची ओंजळ टेकवून त्यातून पाहा. आकाशाचा प्रकाश अडला की काळाही दिसू लागतो. चोर गाडीच्या काचेला हात लावून आत डोकावतो तो याच कारणाने; त्याने पदार्थविज्ञान शिकलेले नसले तरी! म्हणून फडके नुसते काळे असून भागत नाही. ते गाडीच्या फरशीवरच्या गालिच्याच्याच रंगाचे आणि पोताचे हवे. खाली वस्तू असल्याचा उंचवटाही फार दिसू नये.

आणखी एक साधी गोष्ट. गाडी उभी केल्यावर चार लोकांदेखत सामान सीटखाली सारणे म्हणजे लपवण्याची जाहिरात करणे होय. जे झाकायचे ते घरून निघतानाच झाकावे.

आता हाताकडे वळू. त्याआधी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. गाडी थांबते, पण आतल्या वस्तू थांबत नाहीत. न्यूटनचा पहिला नियम तुम्ही परीक्षेत लिहिता तोच हा. गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने जाते आहे आणि समोरच्या ट्रकवर आदळून सुमारे ६० सेंटिमीटर अंतरात थांबली. मंदन किती? वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट: २७८ भागिले १.२, म्हणजे सेकंदाला सेकंदाला सुमारे २३० मीटर. गुरुत्वप्रवेगाच्या जवळजवळ चोवीस पट! तीन किलोचा जॅक बांधून ठेवला असेल, तर त्या क्षणी बांधणाऱ्या पट्ट्यावर ७० किलो वजनाइतका ताण येईल. बांधला नसेल तर तो सेकंदाला १६.७ मीटर वेगाने पुढे निघेल. या वेगाची कल्पना यावी म्हणून सांगतो: एखादी वस्तू चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून सोडली तर ती जमिनीवर याच वेगाने आदळते. मागच्या काचेखालच्या फळीवर मोकळी ठेवलेली पाण्याची स्टीलची बाटली पुढच्या माणसाच्या मानेला काय करील, ते वेगळे सांगायला नको. संकटासाठी ठेवलेली वस्तूच मग संकट होते.

पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती दूरदूर जातात. मूर्ती पेटीत बसवताना सभोवती पेंढा किंवा कागदाचे कपटे ठासून भरतात. का? मूर्ती आणि पेटी यांच्यात सापेक्ष गतीला वावच ठेवायचा नाही, म्हणून. गाडीतल्या शिदोरीला हाच न्याय लावावा. डब्यात मोकळी जागा उरली असेल तर ती फडक्यांनी भरावी आणि डबा स्वतः पट्ट्याने किंवा वेल्क्रोच्या चिकटपट्टीने पक्का करावा.

यातून एक नियम निघतो, आणि मी तो फार कडक मानतो. चालकाच्या सीटखाली काहीही ठेवू नये. जागा मोहक आहे, लपलेली आहे, हाताशी आहे. पण ब्रेक लावला की सीटखालची बाटली घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पायट्याखाली जाऊन अडकते. पुढच्या वेळी पायटा खाली जातच नाही. ज्या क्रियेमुळे बाटली पुढे येते तीच क्रिया बाटलीमुळे बंद पडते, हा योगायोग भयंकर आहे. शेजारच्या प्रवाशाच्या सीटखालची जागा चालेल, मात्र तिथेही वस्तू चपटी आणि बांधलेली हवी. नव्या गाड्यांत सीटखालून एअरबॅगच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्या जोडण्यांना धक्का लावू नये. डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगचे झाकण आहे त्यावर काहीही ठेवणे म्हणजे तोफेच्या तोंडावर ठेवणे. पापणी लवायच्या आत ती पिशवी फुगते आणि वरची वस्तू गोळ्यासारखी फेकली जाते.

पाणी आणि हातोडी

कोकणात गाडीचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नये असे वारंवार सांगितले जाते, पण ‘गुडघाभरसुद्धा नाही’ म्हणून लोक घालतात. आर्किमिडीजला विचारू. लहान गाडीचे वजन ९०० किलो धरा. लांबी ३.६ मीटर, रुंदी दीड मीटर. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ५.४ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १ सेंटिमीटर चढले की ५४ किलो पाणी बाजूला सरते, म्हणजे गाडी तितकी हलकी होते. सुमारे १७ सेंटिमीटर चढले की ९०० किलो पुरे झाले! गाडीचा तळ रस्त्यापासून १७ सेंटिमीटर उंच असतो असे धरले, तर रस्त्यावर ३४ सेंटिमीटर पाणी असताना ती तरंगू लागेल. पाणी हळूहळू आत झिरपते, तळही सपाट नसतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण ३४ सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्याही खाली. आणि पूर्ण तरंगण्याची वाट कशाला पाहायची? चाकांवरचा भार निम्मा झाला की घर्षणही निम्मे होते आणि वाहते पाणी गाडीला कडेला ढकलू लागते.

गाडी पाण्यात अडकलीच तर दार का उघडत नाही, हेही मोजता येते. दाराची रुंदी १ मीटर आणि पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर वर आहे, आत अजून शिरलेले नाही. सरासरी दाब २,४५० पास्कल, भिजलेले क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. बल सुमारे १,२२५ न्यूटन, म्हणजे १२५ किलो वजनाइतके. पाणी १ मीटर चढले की खोली दुप्पट झाली, पण बल चौपट होते, ५०० किलो वजनाइतके. तुम्ही दाराच्या मोकळ्या कडेला जोर लावता आणि पाण्याचे बल मध्यावर काम करते, म्हणून बिजागरीभोवतीच्या तरफेचा फायदा मिळून तुम्हाला निम्मे बल लागेल. तरी अडीचशे किलो! हे कोणाला जमणार? आत आणि बाहेर पाणी सारखे झाले की दाब समतोल होतो आणि दार उघडते, हे खरे. पण तोवर आत श्वास घ्यायला हवा उरणार नाही. म्हणून सुटकेची वाट दार ही नसून खिडकी आहे. पाणी चढते आहे असे दिसताच पहिल्या मिनिटात, विजेची यंत्रणा चालू आहे तोवर, खिडकी खाली करावी. ती चालली नाही, तर मात्र काच फोडायला हवी.

बाजूच्या खिडक्यांची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते. ती ६०० अंशांहून जास्त तापवून तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून निवतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि काच मुठीच्या धक्क्याला दाद देत नाही. पण एका बिंदूवर तो दाबाखालचा थर भेदला की आतला सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा चुरा होतो. भेदायला हवा तो दाब. साध्या हातोडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर, अणकुचीदार टोकाचे १ चौरस मिलिमीटर. तेवढ्याच बलाने दाब ४०० पट! काचेच्या मध्याऐवजी कोपऱ्याजवळ मारावे, कारण मध्यभाग लवतो आणि आघात गिळतो. समोरच्या काचेच्या नादी लागू नये. ती लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. तडे जातील, पण वाट मिळणार नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येऊ लागल्या आहेत. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रकार छापलेला असतो. घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीची काच आज वाचून पाहा.

तर ही हातोडी कुठे ठेवायची? डिकीत ठेवली तर ती असून नसल्यासारखी. दाराच्या कप्प्यात ठेवली तर गाडी कलंडताच कुठल्या कुठे जाईल. चालकाने पट्टा बांधलेला असताना हात पोहोचेल अशा ठिकाणी, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला किंवा दोन सीटांमधल्या कप्प्याच्या आतल्या अंगाला ती वेल्क्रोने चिकटवावी. पट्टा कापण्याचे पाते बहुतेक हातोड्यांच्या मुठीत असतेच. पाण्यात बुडाल्यावर हात जोराने फिरवता येत नाही, पाणी विरोध करते. त्या वेळी दाबताच आपोआप ठोसा मारणारी स्प्रिंगची लहान कळ अधिक उपयोगी. ती किल्ल्यांच्या जुडग्याएवढीच असते, त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच नाही.

आणखी एक इशारा. पाण्यात उभ्या गाडीत इंजिन आणि वातानुकूलन चालू ठेवून काचा बंद करून बसू नये. धुराच्या नळीचे तोंड बुडाले की कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला फक्त झोप येते.

ऊन, दमट हवा आणि उंदीर

कोकणात पाऊस संपला की गाडी भट्टी होते. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतली हवा तासाभरात वीसेक अंशांनी वर जाते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. पाठ्यपुस्तकात याला हरितगृह परिणाम म्हणून मोकळे होतात. काच अवरक्त किरण अडवते हे खरेच आहे. पण मुख्य कारण साधे आहे, तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही. उन्हात तापलेला डॅशबोर्ड तर ७० अंशांच्या पुढे जातो. सीटखाली, फरशीवर, तापमान त्याहून पुष्कळ कमी असते. म्हणजे जी जागा चोराच्या डोळ्याला दिसत नाही तीच उन्हालाही दिसत नाही. उजेड आणि उष्णता एकाच वाटेने येतात ना!

तरी औषधांसाठी ही जागासुद्धा चांगली नाही. ज्यांना रोजची औषधे लागतात त्यांनी ती गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत. मोबाइल भारणारी लिथियमची बॅटरी तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. ती फुगते, क्वचित पेटते. फवाऱ्याचे डबे, लायटर, सॅनिटायझर यांचेही तेच. आणि पेट्रोलचा कॅन डिकीत लपवण्याची कल्पना तर डोक्यातूनच काढून टाका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

विजेरीत सेल घालून ती वर्षभर ठेवली तर सेल पाझरतात, नाहीतर कळ चुकून दाबली जाऊन उतरतात. सेल आणि पत्रीच्या मध्ये प्लॅस्टिकची एक लहान पट्टी सरकवून ठेवा. मंडल तुटलेले राहते. वेळ आली की पट्टी ओढायची, बस्स. नंबर लिहिलेला कागद ठेवाल तो पेन्सिलीने लिहा, कारण ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. शाई मात्र पसरते. त्यावर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि घरच्या दोघातिघांचे क्रमांक असावेत. मोबाइलची बॅटरी संपली की आपल्याला आईचा नंबरही पाठ नसतो, हे आजकालचे सत्य आहे. निसर्ग वादळानंतर मोबाइलचे जाळे बंद पडले, तिथे मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही बंद पडली. दहा, वीस, पन्नासच्या काही नोटा प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांत न ठेवता निराळ्या जागी ठेवाव्यात.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते. पान्याला गंज चढतो, पट्ट्यांना बुरशी येते, काडेपेटी मऊ पडते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, हा यावर उपाय. पुड्या दमल्या की आतले मणी काढून मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून घ्यावेत. शोषलेले पाणी उडून जाते आणि ते पुन्हा कामाला लागतात. खायचे पदार्थसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता डब्यातच हवेत. भाजके पोहे, चणे, गूळ हे टिकाऊ खरे, पण त्यांच्या वासाने उंदीर येतात, आणि आलेला उंदीर पोहे खाऊन थांबत नाही. इंजिनाजवळच्या तारा कुरतडतो. रस्त्यात गाडी बंद पडण्याचे हे कारण कोणाच्या यादीत नसते.

स्टेपनीचा खळगा

डिकीच्या गालिच्याखाली जादा चाक असते, ज्याला आपण स्टेपनी म्हणतो. त्या चाकाच्या मधल्या वाटीत बरीच रिकामी जागा मिळते. लपवायला याहून चांगली जागा नाही, शिवाय वजन तळाशी राहिल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जात नाही. पण गणपतीच्या आदल्या दिवशी महामार्गावर जाऊन पाहा. मुंबईहून निघालेल्या गाड्यांच्या डिक्या छपरापर्यंत भरलेल्या असतात. चाक बसले की आधी फराळाचे डबे, मखर, पिशव्या, सारे पावसात रस्त्याकडेला उतरवायचे, आणि मग जॅक. म्हणून या खळग्यात ठेवायचे ते असे, जे मिनिटभर उशिरा मिळाले तरी चालेल: ओढायची दोरी, बॅटरी जोडायच्या तारा, घडीची करवत. (पडलेल्या फांद्या तोडायला कोयता सरस, हे मान्य. पण नाकाबंदीला सीटखालचा कोयता कशासाठी हे समजावत बसण्यापेक्षा करवत बरी.) पाणी शिरले तर ते प्रथम याच खळग्यात साचते, तेव्हा इथल्या वस्तू भिजल्या तरी चालतील अशाच असाव्यात. सीएनजीच्या गाड्यांत टाकीने डिकी व्यापलेली असते आणि स्टेपनी निघता निघत नाही. अशा गाडीच्या मालकाने एकदा घरासमोर कोरड्या दिवशी स्टेपनी काढून पाहावी.

दोन साध्या वस्तू मात्र जॅकच्या बरोबरीने हव्यात. एक, ३० सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी. जॅकवर सुमारे ३०० किलोचा भार येतो. त्याचा पाया १० सेंटिमीटर लांब-रुंद असेल, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब पडतो. वडखळजवळच्या खाजणाच्या कडेला पावसाळ्यात जॅक वर जाण्याऐवजी खालीच रुतेल. फळी घातली की क्षेत्रफळ नऊ पट आणि दाब एक नवमांश. ही फळी गालिच्याखाली सपाट राहते, कोणाला दिसतही नाही. दुसरी वस्तू म्हणजे हातभर लांब पोलादी नळी. चाकाचा नट सोडवायला १०० न्यूटन-मीटर आघूर्ण लागते असे समजा. पाव मीटरच्या पान्याला ४०० न्यूटन बल लावावे लागेल. नळी चढवून तो अर्धा मीटर केला की २०० न्यूटन पुरतात. मग हे काम नववीतली मुलगीही करील.

लाल त्रिकोण मात्र डिकीत ठेवू नये. नवी गाडी घेताना हा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीबरोबर मिळतात, आणि दोन्ही वर्षानुवर्षे डिकीच्या तळाशी पडून राहतात. मागून धडक बसून डिकी चेपली तर दोन्ही गेली. शेजारच्या सीटखालच्या चपट्या जागेत त्रिकोण बरोबर मावतो. त्याच्या लाल पृष्ठभागात बारीक बारीक त्रिकोणी खळगे असतात. प्रत्येक खळगा म्हणजे एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन आरसे. त्यात शिरलेला किरण तीनदा परावर्तित होऊन आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याचा प्रकाश थेट त्या ट्रकचालकाच्याच डोळ्यांकडे जातो.

तो गाडीपासून किती मागे ठेवायचा? ट्रक ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर वेगाने येत आहे. त्रिकोण दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ३३ मीटर गेले. ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.४ धरला, तर थांबायला आणखी सुमारे ६२ मीटर. एकूण ९५. चालकाला त्रिकोण दुरून दिसतो म्हणून सरळ रस्त्यावर पन्नास-साठ पावले मागे ठेवून भागेल. भिसे खिंडीसारख्या आंधळ्या वळणावर मात्र तो वळणाच्या अलीकडे, ट्रकला आधी दिसेल असा ठेवायला हवा. तिथवर चालत जायचे तर चमकता अंगरखा गाडीतून उतरण्यापूर्वीच अंगात हवा. तो चालकाच्या दारातल्या कप्प्यात घडी करून ठेवावा. एरवी चोरालाही त्याचे काही मोल नाही.

घरी गाडी असेल तर, आणि नसेल तर शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना विनंती करून, एक चाचणी घ्या. गाडी बंद करून उभी असावी. चालकाच्या जागी बसून पट्टा बांधा, डोळ्यांवर रुमाल बांधा. मित्राने घड्याळ धरावे. आधी हातोडी, मग विजेरी, मग त्रिकोण, एकेक हातात घ्या आणि प्रत्येकाला लागलेले सेकंद मांडा. त्यानंतर बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या मित्राला काचेला ओंजळ लावून आत पाहू द्या आणि त्याला कोणती वस्तू दिसली ते विचारा. वस्तूंच्या जागा बदला, पुन्हा मोजा. विजेरीला दहा सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तिची जागा चुकली आहे असे समजा.